लांब उडी वाढते ती रोज उड्या मारून नव्हे

आरोग्याच्या पानावर लांब उडीचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण सध्या आपल्या वस्त्यांमधली बरीच मुलं-मुली पहाटे मैदानावर दिसतात. कुणी शाळेच्या तालुका स्पर्धेची तयारी करतं, कुणी भरतीची. रेल्वे सुरक्षा दलाच्या, म्हणजे आरपीएफच्या, २०२४ च्या कॉन्स्टेबल भरतीत धावणं आणि उंच उडी यांच्यासोबत लांब उडीचीही परीक्षा होती. मुलांना १४ फूट, मुलींना ९ फूट आणि संधी फक्त दोन. त्या दोन उड्यांवर घरातली पहिली सरकारी नोकरी अवलंबून असते. म्हणून मुलं जीव तोडून सराव करतात. आणि मग गुडघा धरून, घोटा सुजवून, नडगीवर हात चोळत आमच्याकडे येतात.

आम्ही विचारतो, "सराव कसा करतोस?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. "रोज पहाटे तीस-चाळीस उड्या मारतो, ताई."

दुखणं तिथेच सुरू होतं. लांब उडी हा दिसायला उडीचा खेळ असला तरी आत तो वेगाचा आणि ताकदीचा खेळ आहे. उड्या मोजून मारायच्या असतात. उरलेला वेळ धावण्याला, पायाच्या ताकदीला, जेवणाला आणि झोपेला द्यायचा असतो. हे नीट समजलं तर फूट-दीड फूट वाढण्याची आशा धरता येते आणि गुडघाही शाबूत राहतो. म्हणून आज हा धडा मुलांसोबत आई-वडिलांनीही वाचावा.

उडी कशामुळे लांब जाते?

एकदा पाय जमिनीवरून सुटला की हवेत हातपाय कितीही मारले तरी अंतर वाढत नाही. हवेतल्या हालचाली फक्त तोल सांभाळतात आणि नीट उतरायला मदत करतात. किती लांब जायचं ते पाय सुटतानाच ठरतं. त्या क्षणी अंगात वेग किती आहे आणि आपण वर किती उचललो गेलो, या दोन गोष्टी महत्त्वाच्या. त्यातही वेग मोठा. जगातले उत्तम खेळाडू पुढच्या दिशेने सुसाट धावत येतात आणि साधारण २० अंशांच्या कोनात वर सुटतात. म्हणजे ते आभाळाकडे उडत नाहीत, पुढेच जातात, थोडंसं उचलून.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, ज्याचं तीस मीटर धावणं सुधारतं, त्याची उडी बहुधा आपोआप सुधारते. दोन, फळीजवळ आल्यावर वेग कमी करून उंच उडायला गेलं की अंतर घटतं.

आता शरीराचं पाहू. फळीवर पाय टेकतो तो सेकंदाच्या जेमतेम आठव्या-नवव्या भागाइतका वेळ. तेवढ्यात त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. हा भार टाच, घोटा, नडगी, गुडघा आणि कंबर सोसतात. स्नायू मजबूत असले तर ते भार वाटून घेतात. स्नायू थकलेले असले तर तो सरळ हाडावर आणि गुडघ्याच्या शिरेवर जातो. चाळिसाव्या उडीला पाय थकलेलाच असतो. त्या उडीतून शिकायला काही मिळत नाही, फक्त झीज मिळते.

मुरली श्रीशंकर हे नाव खेळ पाहणाऱ्यांना माहीत असेल. २०२३ साली त्याने ८.४१ मीटर उडी मारली आणि आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणलं. एप्रिल २०२४ मध्ये सरावात गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि पॅरिस ऑलिम्पिक हुकलं. वर्षाहून जास्त काळानंतर, जुलै २०२५ मध्ये, पुण्यातल्या स्पर्धेत तो पुन्हा ८ मीटरच्या पुढे गेला. त्याच्यामागे डॉक्टर, प्रशिक्षक, सगळं होतं. आपल्या पोरांमागे तेवढं नसतं. म्हणून आपण दुखापत व्हायच्या आधीच सांभाळायचं.

खड्डा आणि बूट

सराव सुरू करण्याआधी जागा पाहा. कडक मातीवर किंवा सिमेंटवर लांब उडी मारू नका, एकही नाही. शाळेच्या मैदानात वाळूचा खड्डा असेल तर शिक्षकांची परवानगी घेऊन तो वापरा. उडी मारण्याआधी फावड्याने वाळू निदान फूटभर खोल उकरा आणि सपाट करा. पाऊस पडून दबलेली वाळू सिमेंटसारखीच लागते. उकरताना काच, खडे, खिळे आणि कुत्र्या-मांजराची घाण काढून टाका. वाळू किंचित ओलसर असली की चांगली. डोळ्यांत उडत नाही आणि पायाची खूण स्पष्ट उमटते.

धनुर्वाताच्या लसीचंही पाहा. सरकारी लसीकरणात १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीची लस मोफत मिळते. ती राहिली असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्या. मैदानावर खरचटलं की जखम साबण-पाण्याने धुवा. हळद, चुना, माती काही लावू नका.

बूट महाग नकोत, पण तळ झिजलेला नसावा. टाचेला गादी असलेले साधे धावण्याचे बूट पुरतात. खिळ्यांचे बूट नव्या मुलांना लागत नाहीत.

धाव मोजून बसवा

आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते धाव न मोजल्यामुळे. मुलगा कुठून तरी धावत येतो, फळीजवळ पावलं आखडतो किंवा ताणतो, आणि फाऊल होतो. दोनच संधी असतील तर दोन्ही फाऊल म्हणजे खेळ संपला.

धाव अशी बसवा. आधी उडीचा पाय ठरवा. ज्या पायावर जोर देऊन आपण सहज उडतो तो उडीचा पाय. नव्या मुलांना बारा पावलांची धाव पुरे. उडीचा पाय फळीवर ठेवा, तोंड खड्ड्याच्या उलट दिशेला करा आणि दुसऱ्या पायाने सुरुवात करून जोरात बारा पावलं धावा. बारावं पाऊल पुन्हा उडीच्या पायाचंच येईल. ते जिथे पडलं तिथे मित्राने चुन्याने खूण करावी. असं पाच-सहा वेळा करा. जिथे जास्त खुणा जवळजवळ पडल्या, ती आपली सुरुवातीची जागा.

आता तिथून उलट फळीकडे धावा. उडीचा पाय खुणेवर, पहिलं पाऊल दुसऱ्या पायाचं. बारावं पाऊल फळीच्या एक वीत पुढे पडलं तर सुरुवातीची खूण एक वीत मागे घ्या. फळीच्या अलीकडे पडलं तर खूण तेवढीच पुढे घ्या. खूण बदलायची, पावलं बदलायची नाहीत. नजर फळीवर नको, समोर खड्ड्याच्या पलीकडे ठेवा. सुरुवातीची पावलं जोर देत, मग अंग हळूहळू ताठ करत वेग वाढवायचा आणि शेवटच्या तीन-चार पावलांत वेग तोडायचा नाही.

हे अंतर पावलांनी मोजून किंवा दोरीला गाठ मारून लक्षात ठेवा. परीक्षेच्या मैदानावर तेच अंतर मोजून उभं राहायचं. वारा समोरून असेल किंवा जमीन मऊ असेल तर पावलं थोडी आखूड पडतात, तेव्हा खूण थोडी पुढे घ्यावी लागते.

पाय सुटणं आणि उतरणं

शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब आणि शेवटचं किंचित आखूड असतं. त्यामुळे कंबर जराशी खाली जाऊन वर उचलली जाते. शेवटचं पाऊल पूर्ण तळव्याने, झटक्यात टेका. नुसती टाच आपटली तर वेग मरतो आणि टाच दुखावते. त्याच वेळी दुसऱ्या पायाचा गुडघा कंबरेइतका वर फेका, छाती ताठ, नजर समोर.

उतरताना दोन्ही टाचा पुढे, हात पुढे. टाचा वाळूला लागल्या की लगेच गुडघे वाकवा आणि कंबर टाचांच्या खड्ड्यापलीकडे सरकू द्या, किंवा एका कुशीवर पुढे पडा. पाय ताठ ठेवून उतरलं तर गुडघा आणि कंबर दोन्हींना मार बसतो. मोजमाप फळीच्या सर्वात जवळच्या खुणेपासून होतं. मागे हात टेकला आणि तो पायाच्या फूटभर मागे पडला, तर तुमची उडी फूटभर कमी झाली. कित्येकांचा हा फूट नुसतं उतरणं सुधारूनच परत मिळतो. त्यासाठी धाव लागत नाही. जागेवरून वाळूत उडी मारून उतरण्याचा सराव करा.

बारा आठवड्यांचा आराखडा

पहिले चार आठवडे पूर्ण धावेची उडी मारायचीच नाही. धावणं आणि ताकद, एवढंच. पुढचे चार आठवडे पाच ते सात पावलांच्या छोट्या धावेने उड्या. शेवटचे चार आठवडे पूर्ण धाव. आठवडा साधारण असा लावा:

सोमवार: तीस मीटर जोरात धावणं ५ ते ६ वेळा, प्रत्येकानंतर दोन-तीन मिनिटं विश्रांती. नंतर छोट्या धावेच्या ६ ते ८ उड्या.
मंगळवार: ताकदीचे व्यायाम.
बुधवार: विश्रांती किंवा नुसतं चालणं.
गुरुवार: उडी न मारता पावलं बसवण्याच्या ५ ते ६ धावा. शेवटच्या चार आठवड्यांत त्यानंतर पूर्ण धावेच्या ६ उड्या.
शुक्रवार: विश्रांती.
शनिवार: धावणं आणि ताकदीचे व्यायाम.
रविवार: पूर्ण सुट्टी.

सोमवारच्या उड्या पाचव्या आठवड्यापासून सुरू करा. उड्यांच्या दोन दिवसांत निदान ४८ तासांचं अंतर हवं. शरीर मजबूत होतं ते विश्रांतीत, व्यायामात नव्हे. व्यायामाने स्नायू थकतो, झोपेत आणि जेवणातून तो भरून निघतो.

ताकदीच्या व्यायामाला जिम लागत नाही. विहाराच्या ओट्यावर, जिन्याच्या पायरीवर होतात. बैठका, एका पायाने पायरी चढणं-उतरणं, टाचा उचलून चवड्यावर उभं राहणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कोपरांवर शरीर तोलून धरणं. प्रत्येकी १० ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या. कोपरांवरचा तोल वीस-तीस सेकंद. दोन आठवड्यांनी त्यात दोरीवरच्या उड्या आणि मातीवर लंगडी घाला, पण पाय टेकण्याची एकूण मोजणी एका दिवशी ४०-५० च्या पुढे नको.

सराव सुरू करण्याआधी दहा मिनिटं हलकं धावणं, गुडघे वर उचलून धावणं, टाचा मागे मारत धावणं, घोटे फिरवणं हे रोज करा. थंड अंगाने जोरात धावलं की मांडीच्या मागची शीर ताणली जाते, आणि ती बरी व्हायला आठवडे जातात. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा आणि शेवटचे दोन दिवस नुसतं अंग मोकळं करा. शेवटच्या दिवशी जोर लावून कुणाची उडी वाढत नाही.

ताट आणि रक्त

उपाशीपोटी पहाटे पळणारी मुलं आम्हाला रोज दिसतात. निघण्यापूर्वी एक केळं, किंवा मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा तरी खा. सरावानंतर तासाभरात उकडलेलं अंडं, भिजवलेले हरभरे किंवा मटकीची उसळ आणि भाकरी. डब्यातल्या महागड्या पावडरीची गरज नाही. डाळ, कडधान्यं, अंडी, सुकट, बोंबील, मांस यांतून प्रथिनं मिळतात. दिवसभरात पाणी पुरेसं प्या. उन्हात घाम फार गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. चमचा लहान, चहाचा.

मुलींच्या बाबतीत रक्त तपासा, हे आम्ही आग्रहाने सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेल्या मुलीला तुम्ही कितीही धाववा, तिला धाप लागणार, पाय भरून येणार. घरचे म्हणतात, "हिला दमच नाही." दम नाही असं नाही, रक्त नाही. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी निळी गोळी फेकू नका, जेवणानंतर घ्या. जंताची गोळीही घ्या. पालेभाजी-डाळीसोबत लिंबू पिळा आणि चहा जेवणासोबत न घेता तासाभराने घ्या, म्हणजे अन्नातलं लोह अंगी लागतं.

पाळीच्या दिवसांत सराव बंद करायचं कारण नाही. फार दुखत असेल तर त्या दिवशी हलका करा. मात्र सराव वाढल्यावर पाळी तीन महिने आलीच नाही, तर मुलगी खर्च करते तेवढं खात नाही, असं बहुधा असतं. गरोदरपण वगैरे शंका मनात धरून तिला घरात डांबू नका, स्त्री-रोग तज्ज्ञाला दाखवा. घट्ट, आधार देणारे अंतर्वस्त्र हा मुलींच्या खेळाच्या सामानाचाच भाग आहे. त्याचे पैसे देताना कुरकुर नको.

दुखणं ओळखा

स्नायू ठणकणं दोन दिवसांत जातं. ते दुखणं नव्हे. पण पुढच्या गोष्टी ओळखा.

वाढीच्या वयात, साधारण १० ते १५ वर्षांत, गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखतो आणि सुजतो. काहींची टाच दुखते. हाड वाढत असतं आणि शीर त्याला ओढत असते, म्हणून. यावर उड्या कमी करणं हाच मुख्य उपाय. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं लावा. दुखत असताना उड्या चालू ठेवल्या तर ते महिनोन्‌महिने जात नाही.

नडगीवर एकाच ठिकाणी बोट ठेवलं तर दुखणं, रात्री झोपेतही ठणकणं, हे हाडाला बारीक चीर पडल्याचं लक्षण असू शकतं. उड्या आणि धावणं ताबडतोब थांबवा, डॉक्टरांकडे जा. मागे वाकताना कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल तरीही.

घोटा मुरगळला तर थांबा, कापडातून बर्फ पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, आणि पाय उशीवर उंच. पहिले दोन-तीन दिवस तेल चोळायचं नाही, शेक द्यायचा नाही, आणि हाड बसवणाऱ्याकडे तर मुळीच जायचं नाही. चार पावलंही टाकता येत नसतील, घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, पाय वाकडा दिसत असेल किंवा बोटं बधिर झाली असतील, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

आणि एक कळकळीची गोष्ट. भरतीच्या दिवसांत "ताकदीचं इंजेक्शन" विकणारे मैदानाच्या आसपास फिरतात. दुखणं थांबवणारी सुई घेऊन परीक्षेला जाणारीही मुलं आहेत. सुईने दुखापत बरी होत नाही, फक्त कळायचं थांबतं. मग त्याच दुखऱ्या पायावर पूर्ण जोराची उडी पडते आणि शीर तुटते. ताकदीच्या नावाने दिलेल्या औषधांनी यकृत, हृदय आणि वाढ बिघडते. अशी सुई कुणी पुढे केली तर पैसे आणि पाय दोन्ही वाचवा, तिथून निघून या.

घरच्यांनी काय करायचं?

शैली सिंह ही झाशीची मुलगी. तिची आई शिवणकाम करून एकटीने मुलं वाढवत होती. त्या मुलीने २०२१ साली नैरोबीला वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत ६.५९ मीटर उडी मारून रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण अवघ्या एका सेंटिमीटरने गेलं. तिची मेहनत तर आहेच. पण शिलाई मशीनवर बसलेल्या त्या आईने लेकीला मैदानावर जाऊ दिलं, दूर बंगळूरला प्रशिक्षणाला पाठवलं, हेही त्या पदकात आहे.

आपल्याकडून एवढं मागणं नाही. पहाटे मुलगी मैदानावर निघाली तर भावाने किंवा शेजारणीने सोबत जावं. पाणी भरणं, भांडी, धाकट्याला सांभाळणं ही कामं सरावाच्या दिवशी घरात वाटून घ्यावीत. तिच्या ताटात अंडं भावाइतकंच पडावं. तिला आठ तास झोप मिळावी. वस्तीतल्या पाच-सहा मुलामुलींनी गट करावा, एकाने फावडं आणावं, एकाने चुना, एकाने मोजपट्टी. वहीत दर महिन्याला जागेवरच्या उडीचं अंतर आणि तीस मीटरची वेळ लिहावी. आकडा सुधारला की उत्साह येतो. आकडा घटत गेला, झोप उडाली, भूक मेली, तर शरीर विश्रांती मागत आहे हे समजावं आणि आठवडाभर सराव हलका करावा.

भरतीचे निकष दरवेळी सारखेच असतात असं नाही. फॉर्म भरण्याआधी जाहिरात स्वतः वाचा, वय, अंतर आणि संधी किती ते वहीत लिहा, आणि मग मागे मोजून बारा आठवडे आधी सराव सुरू करा. जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत १४ फूट गाठायला जाणाऱ्या मुलाचाच गुडघा आमच्याकडे येतो. वेळेत सुरुवात करणाऱ्याला आम्ही मैदानावरच भेटतो, आणि तिथे भेटणं आम्हाला जास्त आवडतं.